शाम्वाझो, पात्रिक

पात्रिक शाम्वाझो (जन्म : ३ डिसेंबर १९५३) : कॅरिबियनमधील मार्तिनिक बेटावरचे कादंबरीकार, निबंधकार आणि क्रेओल वारशाचे भाष्यकार. ‘तेक्साको’ या कादंबरीला १९९२ चा गोंकूर हा फ्रान्सचा मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला आणि त्यांचे नाव फ्रेंच वाचकांच्या पलीकडे गेले.

मार्तिनिकवर १६३५ मध्ये फ्रेंच वसाहत झाली. उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली, मळेवाल्यांना हात कमी पडू लागले आणि १८५३ पासून सुमारे २५ हजार भारतीय, त्यांत बरेचसे तमिळ, करारावर तिथे नेण्यात आले. त्यांच्याबरोबर गेलेला मसाला आजही मार्तिनिकच्या स्वयंपाकात ‘कोलोंबो’ नावाने नांदतो. मळ्यांवरच्या या सरमिसळीतून फ्रेंच शब्दांच्या आधाराने जी भाषा उभी राहिली ती क्रेओल. घरात, बाजारात, भांडणात तीच. पण शाळेत आणि कचेरीत फ्रेंच. १९४६ मध्ये बेट फ्रान्सचा अधिकृत जिल्हा झाले, तेव्हा फ्रेंचचे पारडे आणखी जड झाले.

शाम्वाझो यांचा जन्म राजधानी फोर-द-फ्रान्समधला. वडील टपालखात्यात पोस्टमन होते. ‘शमँ देकोल’ (१९९४) या शालेय आठवणींच्या पुस्तकात मास्तर मुलांच्या जिभेवरून क्रेओल खरवडून काढायला बसलेले दिसतात. क्रेओल गोष्टींचा साठा असलेला ग्रो-लोंब्रिक हा वर्गमित्र सगळ्यांत जास्त मार खातो. पुस्तक विनोदी आहे. म्हणूनच ते बोचते. पुढे कायदा आणि सामाजिक अर्थशास्त्र शिकण्यासाठी शाम्वाझो फ्रान्सला गेले. अडचणीत सापडलेल्या तरुणांसोबत समाजसेवक म्हणून त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली.

पहिली कादंबरी ‘क्रॉनिक द सेत मिझॅर’ (१९८६) फोर-द-फ्रान्सच्या भाजीबाजारातल्या हातगाडीवाल्या हमालांची. फ्रान्सहून माल आणि सुपरमार्केट येतात, तसा त्यांचा धंदा बसत जातो. त्यानंतरची ‘सोलिबो मान्यिफिक’ (१९८८) मात्र खरी शाम्वाझोछाप. कार्निव्हलच्या रात्री सोलिबो हा कथेकरी गोष्ट सांगता सांगता ‘पतात सा!’ असे ओरडून कोसळतो. गोष्ट ऐकताना हुंकार द्यावा तसे श्रोते ‘पतात सी!’ म्हणून मोकळे होतात. हा खेळाचाच भाग, अशी त्यांची समजूत. तो मेला आहे हे फार उशिरा लक्षात येते. पोलीस येतात आणि श्रोत्यांनाच संशयित ठरवतात. त्या संशयितांत खुद्द शाम्वाझो नावाचे एक पात्र आहे. ते स्वतःला लेखक म्हणवत नाही, ‘बोल टिपणारा’ म्हणवते. कथेकऱ्याचा गळा आतूनच, शब्दाने चिरला, असा निष्कर्ष निघतो. डिटेक्टिव्ह कथेच्या आवरणाखाली एका मौखिक परंपरेचा पंचनामा आहे हा.

१९८९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ झाँ बेर्नाबे आणि कादंबरीकार राफाएल काँफियाँ यांच्यासह त्यांनी ‘एलोज द ला क्रेओलिते’ हा जाहीरनामा प्रसिद्ध केला. आम्ही युरोपीय नाही, आफ्रिकी नाही, आशियाईही नाही. आम्ही क्रेओल आहोत, अशी त्याची सुरुवात. रोख मार्तिनिकचेच कवी एमे सेझेर यांच्या पिढीकडे होता. सेझेर यांनी आफ्रिकेकडे तोंड करून कृष्णवर्णीयांचा स्वाभिमान जागवला. या तिघांनी स्वतःला सेझेर यांचे कायमचे पुत्र म्हटले, पण बेटावरच्या मिश्रणाकडे पाठ फिरवायला नकार दिला.

‘तेक्साको’ ही या विचाराची कसोटी, आणि माझ्या मते जाहीरनाम्यापेक्षा कितीतरी भक्कम. तेक्साको या तेल कंपनीच्या टाक्यांशेजारी वसलेल्या झोपडवस्तीत पालिकेचा नगररचनाकार येतो आणि कुणीतरी त्याला दगड मारते. वस्ती वसवणारी म्हातारी मारी-सोफी लाबोरियो त्याला समोर बसवून आपल्या बापाची, एस्तेर्नोमची, कहाणी सांगू लागते : गुलामीतून सुटका, सँ-पिएर शहर, ८ मे १९०२ रोजी माँ पले ज्वालामुखीने त्या शहराची केलेली राख, मग फोर-द-फ्रान्सच्या कडेला पाय रोवण्याची धडपड. कालखंडांची नावे घरांच्या सामानावरून : गवत, खोक्यांच्या फळ्या, सिमेंटचे पत्रे, शेवटी काँक्रीट. राजे आणि गव्हर्नर यांच्याऐवजी छपरांनी सांगितलेला हा इतिहास आहे. बुलडोझर फिरवायला आलेला माणूस ऐकता ऐकता वस्तीच्या बाजूचा होतो.

शाम्वाझो लिहितात मात्र फ्रेंचमध्ये. काँफियाँ यांनी आधी क्रेओलमध्ये कादंबऱ्या लिहिल्या. शाम्वाझो यांनी फ्रेंचलाच क्रेओल वळण दिले. वाक्य मध्येच बोलीत घसरते, नवे शब्द घडतात, तळटीप कधी समजावते तर कधी चकवते. टीकाही झाली. ग्वादलूप या दुसऱ्या फ्रेंच कॅरिबियन बेटावरच्या लेखिका मारीझ काँदे यांना क्रेओल लेखक कसा असावा याचे नियम घालणे पटले नाही. काही अभ्यासकांनी या चळवळीच्या पुरुषकेंद्रीपणावर बोट ठेवले. मारी-सोफीसारखी नायिका या आक्षेपाला पूर्ण नसले तरी अर्धे उत्तर आहे. मार्तिनिकचेच कवी-विचारवंत एदुआर ग्लिसाँ यांचा मुद्दा अधिक खोल होता : मिसळण्याची प्रक्रिया कधी थांबत नाही, तिला एका ओळखीत गोठवू नये. मतभेद राहिले, स्नेह तुटला नाही. फ्रान्समध्ये स्थलांतर व ‘राष्ट्रीय ओळख’ यांसाठी मंत्रालय निघाले, तेव्हा २००७ मध्ये ग्लिसाँ आणि शाम्वाझो यांनी मिळून त्याविरुद्ध पुस्तिका लिहिली.