ब्यूटटाउन

ब्यूटटाउन हा वेल्सची राजधानी असलेल्या कार्डिफ शहराचा दक्षिणेकडील, बंदरालगतचा निवासी भाग आहे. शहराच्या मध्यभागाजवळ रेल्वेपुलाखालून निघून थेट समुद्राकडे जाणारा ब्यूट स्ट्रीट हा सुमारे दीड किलोमीटर लांबीचा सरळ रस्ता म्हणजे या वस्तीचा कणा होय. पश्चिमेला एकेकाळी ग्लॅमॉर्गनशर कालवा, पूर्वेला रेल्वेमार्ग व गोदी आणि दक्षिणेला समुद्र असल्यामुळे ही वस्ती शहराला लागून असूनही शहरापासून वेगळी राहिली. बाहेरच्या जगात ती ‘टायगर बे’ या नावाने ओळखली गेली. रहिवासी मात्र घरांच्या भागाला नुसते ‘बे’ आणि त्याच्या दक्षिणेकडील कचेऱ्या व धक्क्यांच्या भागाला ‘डॉक्स’ म्हणत.

वस्तीचे नाव दुसरा मार्क्विस ऑफ ब्यूट या जमीनदार उमरावावरून पडले. १८०१ मध्ये जेमतेम दोन हजार लोकसंख्या असलेल्या कार्डिफमध्ये त्याने स्वतःच्या पैशाने गोदी बांधली आणि ती १८३९ मध्ये खुली झाली. उत्तरेकडच्या खोऱ्यांतील खाणींचा कोळसा आधी कालव्याने व पुढे टॅफ व्हेल रेल्वेने या गोदीत येऊ लागला. वेल्सचा कोळसा धूर कमी व उष्णता जास्त देणारा असल्याने वाफेच्या जहाजांना तोच हवा असे, आणि त्यामुळे एकामागून एक नव्या गोद्या बांधाव्या लागल्या. माउंट स्टुअर्ट चौकात १८८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या कोल एक्स्चेंजमध्ये कोळशाचे सौदे होत. १९१३ मध्ये, म्हणजे या व्यापाराच्या शिखरावर, एकट्या कार्डिफच्या गोद्यांतून एक कोटी टनांहून अधिक कोळसा परदेशी गेला.

मूळच्या आखणीनुसार लाउडन स्क्वेअर हा झाडांचा चौक आणि त्याभोवतीची उंच घरे जहाजांचे कप्तान व व्यापारी यांच्यासाठी होती. ही मंडळी हळूहळू उपनगरांत राहायला गेली आणि त्यांच्या घरांत खलाशांची वसतिगृहे आली. जहाजावरून उतरलेला आणि दुसऱ्या जहाजावर काम मिळण्याची वाट पाहणारा माणूस आपल्या भाषेच्या, आपल्या धर्माच्या घरमालकाकडे उतरत असे; तिथे त्याला ओळखीचे जेवण मिळे आणि पैसे संपले तर उधारीही मिळे. सोमाली, येमेनी, पश्चिम आफ्रिकी, केप व्हर्डियन, कॅरिबियन, माल्टीज, ग्रीक, नॉर्वेजियन, चिनी आणि भारतीय उपखंडातील असे पन्नासएक देशांचे लोक या चिंचोळ्या पट्ट्यात राहिले. यांतील अनेकांनी वेल्श व आयरिश मुलींशी लग्ने केली आणि त्यांची मुले कार्डिफच्याच ढंगाची इंग्रजी बोलत वाढली. प्रार्थनास्थळेही तितकीच विविध होती. १८६८ मध्ये नॉर्वेजियन खलाशांसाठी उभारलेल्या लाकडी चर्चमध्ये पुढे लेखक रोआल्ड डाल यांचा बाप्तिस्मा झाला, तर पील स्ट्रीटवरील मशीद १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाल्यावर युद्ध चालू असतानाच पुन्हा बांधली गेली. ईदच्या मिरवणुकीत शेजारपाजारच्या सर्व धर्मांची मुले चालत. या मिरवणुकांची छायाचित्रे उपलब्ध आहेत, आणि टायगर बे म्हणजे मारामाऱ्या व दारूचे गुत्ते अशी जी प्रतिमा वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे रंगवली, तिच्या शेजारी ती ठेवून पाहणे आवश्यक आहे.

हा शेजार बाहेरच्या द्वेषापासून मात्र सुरक्षित नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर नोकऱ्या कमी झाल्या, तेव्हा जून १९१९ मध्ये गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीय व अरब रहिवाशांवर आणि त्यांच्या घरांवर अनेक दिवस हल्ले केले. त्या दंगलीत तीन जणांचा मृत्यू झाला. १९२५ च्या सरकारी आदेशाने गौरेतर परदेशी खलाशांना पोलिसांकडे नोंद करणे सक्तीचे झाले, आणि कार्डिफमध्ये तो आदेश ब्रिटिश प्रजाजन असलेल्यांनाही लावला गेला. १९५२ मध्ये ब्यूट स्ट्रीटवरील एका दुकानदार बाईच्या खुनासाठी महमूद मत्तान या सोमाली खलाशाला फाशी देण्यात आली. त्यांच्या वेल्श पत्नीने व मुलांनी दिलेल्या लढ्यानंतर १९९८ मध्ये न्यायालयाने ती शिक्षा चुकीची ठरवली. म्हणजे निर्दोष ठरायला त्यांना मृत्यूनंतर पंचेचाळीसहून अधिक वर्षे लागली.

जहाजे तेलावर चालू लागल्याने आणि परदेशी बाजारपेठा गेल्याने कोळशाचा व्यापार ओसरला. १९६४ मध्ये पहिली गोदी बंद झाली. त्याच दशकात जुनी घरे राहण्यायोग्य नाहीत असे ठरवून नगरपालिकेने वस्तीचा मोठा भाग पाडला आणि लाउडन स्क्वेअरमध्ये दोन उंच इमारती बांधल्या. घरे खरोखरच जीर्ण झाली होती, पण त्यांच्याबरोबर दुकाने, कॅफे आणि ओट्यावरचा शेजारही गेला, आणि ही हानी जुने रहिवासी आजही बोलून दाखवतात.

१९८७ मध्ये स्थापन झालेल्या विकास महामंडळाने बंदराचा कायापालट केला. १९९९ मध्ये पूर्ण झालेल्या बंधाऱ्यामुळे भरती-ओहोटीची चिखलमय खाडी सुमारे २०० हेक्टरांचे गोड्या पाण्याचे सरोवर बनली. त्यामुळे चिखलात चरणाऱ्या पाणपक्ष्यांचे क्षेत्र नष्ट झाले. काठावर २००४ मध्ये वेल्स मिलेनियम सेंटर आणि २००६ मध्ये वेल्सच्या विधिमंडळाची, सेनेडची, इमारत खुली झाली. या परिसराला ‘कार्डिफ बे’ असे नवे नाव मिळाले. शहरातून तिथे जायला ब्यूट स्ट्रीटला समांतर असा लॉइड जॉर्ज अ‍ॅव्हेन्यू हा रुंद रस्ता काढण्यात आला. दोन्ही रस्त्यांच्या मध्ये रेल्वेची उंच भिंत आहे, त्यामुळे नव्या सदनिकांतून जुनी वस्ती दिसत नाही आणि नव्या रस्त्याने सरोवराकडे जाणारा पाहुणा तिच्यात पाऊलही न टाकता पुढे जातो.

गायिका शर्ली बॅसी यांचा जन्म १९३७ मध्ये याच वस्तीत झाला. बेटी कॅम्पबेल यांचे स्थान मात्र वस्तीच्या दृष्टीने अधिक मोलाचे मानावे लागेल. त्यांना शाळेत असताना, कृष्णवर्णीय मुलीला शिक्षिका होण्यात फार अडचणी येतील असे सांगण्यात आले होते. पुढे त्या ब्यूटटाउनमधील माउंट स्टुअर्ट प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. वेल्समधील त्या पहिल्या कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका होत. गुलामगिरीचा आणि कृष्णवर्णीयांचा इतिहास त्यांनी लहान मुलांना शिकवला. २०२१ मध्ये शहराच्या मध्यवर्ती चौकात त्यांचा पुतळा उभारण्यात आला. येथील एंजेलिना स्ट्रीटवर वाढलेले बिली बोस्टन रग्बी लीग खेळण्यासाठी इंग्लंडमधील विगन येथे गेले आणि कारकिर्दीत त्यांनी ५७१ ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवून मिळवलेले गुण) नोंदवले. २०२३ मध्ये क्लाइव्ह सलिव्हन व गस रिस्मन या आणखी दोन कार्डिफकर खेळाडूंसह त्यांचा पुतळा बंदराकाठी बसवण्यात आला, आणि २०२५ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.