बारा सेकंदांचा सूर कुणी खाल्ला?

माझी भाची गोव्यात, फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरात बसून फ्रेंच हॉर्न शिकते. वेटोळ्या पितळी नळीचं, फुंकून वाजवायचं पाश्चात्त्य वाद्य. शिक्षक जर्मनीत, मधे लॅपटॉप. पहिल्याच तासाला सरांनी तिला एकच सूर धरून ठेवायला सांगितला, दम टिकेल तितका वेळ. पोरगी तयारीची. बारा सेकंद सूर हलू दिला नाही. मी शेजारच्या खोलीत घड्याळ बघत होतो. पलीकडून सर म्हणाले, "श्वास लवकर संपतोय. तीन सेकंदांत आवाज विरला." पुन्हा वाजवला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिचा चेहरा रडवेला. "मामा, तू ऐकलंस ना? मी सूर सोडला नव्हता."

ऐकलं होतं. सूर घरातून पूर्ण निघाला होता, पण वाटेत कुणीतरी त्याचे नऊ सेकंद खाल्ले. चोर सापडायला दोन दिवस गेले. तो लॅपटॉपमध्येच बसला होता, आणि त्याचा हेतू वाईट नव्हता.

व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअर बोलण्यासाठी घडवलेली आहेत. माणूस बोलतो तेव्हा आवाज सतत बदलतो: सेकंदाला चारपाच अक्षरं, मधे फटी, चढउतार. पंख्याची घरघर किंवा मिक्सरचा आवाज मात्र एकसुरी असतो. त्यामुळे सॉफ्टवेअर सोपा हिशेब करतं. जे बदलतंय ते बोलणं, जे तसंच राहतंय तो गोंगाट; गोंगाट कापा. आता हॉर्नचा रियाज आठवा. लांब, स्थिर, न हलणारा सूर जितका चांगला लागेल, तितका तो पंख्यासारखा भासतो. भाचीचा सूर डळमळीत असता तर कदाचित सरांपर्यंत पोचलाही असता!

या गोंगाट-कापणीला दोन भावंडं आहेत. एक आवाजाची पातळी आपोआप सारखी करतं. हळू वाजवलं तर वर उचलतं, जोरात वाजवलं तर दाबतं. दुसरं प्रतिध्वनी मारण्यासाठी असतं, पण दोन्हीकडून एकदम आवाज आला की एका बाजूचा गळा धरतं. त्यामुळे गुरुशिष्यांनी एकत्र वाजवणं संपलंच. उपाय साधा आहे. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाचा पर्याय संगीतकारांसाठीच ठेवलेला आहे; इतर काही ॲपमध्येही गोंगाट-कापणी बंद करता येते. तो पर्याय चालू केला आणि कानाला हेडफोन लावला, की निम्मं दुखणं जातं.

उरलेलं निम्मं समजायला हॉर्न आतून बघावा लागतो. (याला 'फ्रेंच' म्हणणं चूकच. आजचा हॉर्न घडला तो मुख्यतः जर्मन कारागिरीत, आणि हॉर्नवादकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1971 पासून नुसतं 'हॉर्न' म्हणा असं सुचवलेलं आहे. पण आपल्याकडे नुसतं हॉर्न म्हटलं की बसच आठवते, तेव्हा राहू दे.)

देवळाच्या पालखीपुढे शिंग फुंकणारा माणूस पाहिला असेल. शिंगाला भोकं नाहीत, कळ नाही. तरी तो चारदोन सूर काढतो, ते फक्त ओठांच्या जोरावर. ओठ थरथरतात, नळीतली हवा त्या थरथरीला आपल्या ठरलेल्या सुरांपैकी एकावर ओढून घेते. हे ठरलेले सूर म्हणजे हार्मोनिक. मूळ कंपनसंख्येची दुप्पट, तिप्पट, चौपट, असे ते चढत जातात. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कुणी न छेडता उमटणारा स्वयंभू गंधार, तो याच शिडीचा पाचवा टप्पा.

हॉर्नची मूळ एफ नळी सुमारे 12 फूट लांब, वेटोळी घातलेली. तिचा मूळ सूर साधारण 44 हर्ट्झचा. त्याला सा मानलं तर दुसरा हार्मोनिक वरचा सा, तिसरा प, चौथा सा, पाचवा ग, सहावा प, सातवा कोमल निषादापेक्षाही उतरलेला. आठव्यापासून गर्दी होते: सा, रे, ग, मग अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधे कुठेतरी लोंबकळणारा, बारावा प. ट्रम्पेटची नळी याच्या निम्म्याहूनही लहान, म्हणून ट्रम्पेटवाला शिडीच्या खालच्या, लांब अंतरांच्या पायऱ्यांवर चालतो. हॉर्नवाल्याला जवळपास त्याच सुरांसाठी वरच्या, चिकटून असलेल्या पायऱ्यांवर नाचावं लागतं. ओठांचा ताण केसभर चुकला की पाय शेजारच्या पायरीवर पडतो आणि सूर फुटतो. भल्याभल्यांचा फुटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एरफुर्टच्या क्रुस्प कारखान्यात दुहेरी हॉर्न तयार झाला, तो याच अडचणीपायी. अंगठ्याने कळ दाबली की हवा 12 ऐवजी सुमारे 9 फुटांच्या नळीतून जाते आणि पायऱ्या थोड्या दूर होतात.

तेव्हा हॉर्न शिकवणं म्हणजे मुख्यतः ओठ शिकवणं, आणि ओठ माउथपीसच्या, म्हणजे फुंकायच्या टोकाच्या, आड. निदान बाहेरची ठेवण तरी कॅमेऱ्याला दिसते. माउथपीसचा साधारण दोन तृतीयांश भाग वरच्या ओठावर, हा जुना नियम फोन जवळ धरून तपासता येतो. उजव्या हाताची गोष्ट कठीण. तो घंटेच्या आकाराच्या तोंडात, पाठीमागे असतो. अठराव्या शतकाच्या मध्यावर ड्रेस्डेनच्या हाम्पेल या हॉर्नवादकाने हे हात घालण्याचं तंत्र बसवलं. हात आतबाहेर करून तो शिडीमधले गाळलेले सूर काढी. कळा आल्या तरी हात तिथेच राहिला, कारण सुराचा रंग आणि उंची अजूनही तोच सांभाळतो. लॅपटॉपसमोर बसलेल्या मुलीचा हा हात शिक्षकाला दिसतच नाही. आम्ही दुसरा फोन तिच्या मागे खिडकीत, लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. त्या दिवशी सरांनी पहिल्यांदा तिचा तळहात पाहिला आणि अर्धा तास त्यावरच घालवला.

तोंड मागे असण्याचा आणखी एक परिणाम आहे. हॉर्नचा आवाज समोरच्याकडे थेट जातच नाही; मागच्या भिंतीवर आपटून येतो. म्हणजे मागची भिंत हा वाद्याचाच भाग. आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या, वर गिलावा, खाली गुळगुळीत फरशी. सूर घुमतो आणि पोरीला वाटतं, आपण किती भरदार वाजवतो! मागे गोधडी टांगली की खरं कळतं. मी तर म्हणेन, आठवड्यातले तीन दिवस गोधडीसमोरच रियाज करावा.

लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरचीही एक गंमत आहे. 87 हर्ट्झचा खर्जातला सूर असा स्पीकर जवळजवळ काढूच शकत नाही. तरी सरांना तो सूर ओळखता येतो. कारण 262, 349, 436 असे वरचे हार्मोनिक पोचतात, आणि त्यांच्यातलं 87 चं अंतर पाहून मेंदू नसलेला पाया स्वतःच घालतो. सूर कोणता हे कळतं, त्याचा भरीवपणा मात्र वाटेत राहतो. याउलट जोर लपत नाही. सॉफ्टवेअरने पातळी सपाट केली तरी जोरात फुंकलेल्या हॉर्नमध्ये दाबाच्या लहरी नळीतून जाताना उभट होत जातात, वरचे हार्मोनिक वाढतात आणि आवाजाला पितळी धार येते. मुरलेला कान पातळी सोडून ही धार ऐकतो.

आणि ताल? गोव्यापासून बर्लिन सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरांहून जास्त. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सगळं आदर्श असलं तरी एका बाजूला 33 मिलिसेकंद लागणारच. तेवढ्या वेळात आवाज हवेतून 11 मीटर जातो. दोन वादक मोठ्या रंगमंचाच्या दोन टोकांना बसल्यासारखं. त्यात सॉफ्टवेअर आवाज क्षणभर साठवतं आणि दाबून लहान करतं, तो वेळ धरला की जाऊन-येऊन पाव सेकंद सहज उलटतो. सेकंदाला एक मात्रा अशा संथ लयीतही पाव सेकंद म्हणजे चौगुणीतला एक अख्खा स्वर. स्टॅनफर्डमध्ये क्रिस चेफ यांच्याकडे घडलेला जॅकट्रिप हा प्रोग्रॅम मधली साठवण खूप कमी करतो, पण प्रकाशाला घाई करायला तोही लावू शकत नाही. त्यामुळे सरांनी टाळ्या वाजवून लय देण्यात अर्थ नाही. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, भाचीच्या खोलीत हवा. मग मेट्रोनोम आणि हॉर्न दोन्ही सारखेच उशिरा पोचतात आणि त्यांचं नातं बिघडत नाही.

एका बाबतीत सरांचं ऐकून फसलो. त्यांनी सुरात लावायची नळी किती बाहेर ओढायची ते बोटांनी मोजून सांगितलं, स्वतःच्या थंड खोलीच्या हिशेबाने. हवा एका अंशाने तापली की सूर साधारण 3 सेंट चढतो. लगतच्या दोन पट्ट्यांत 100 सेंट असतात. त्यांच्याकडे 20 अंश, आमच्याकडे मे महिन्यात 32. श्वासाने नळी आतून तापलेली असतेच, म्हणून फरक पुरता 36 सेंटचा पडत नाही, पण कानाला खुपेल इतका पडतो. भाचीने नळी आणखी ओढली. गरम हवेचा एक फायदा मात्र मिळतो. कोमट पितळेवर श्वासातल्या वाफेचं पाणी कमी होतं, म्हणून नळीतलं पाणी सारखं झटकावं लागत नाही. लोक त्याला थुंकी समजून नाक मुरडतात, पण ते बहुतेक वाफेचंच पाणी असतं.

गोव्यात पाश्चात्त्य संगीत पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांपासून मुरलेलं. मुंबईच्या हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद गोवेकरांनी भरलेले होते. शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा त्यांतलेच. व्हायोलिन आणि ट्रम्पेट शिकवणारे आजही आमच्या ओळखीत आहेत. हॉर्न शिकवणारा मात्र आम्हाला हाकेच्या अंतरावर सापडला नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

गोंगाट-कापणी बंद केल्यावर आता सरांकडे सगळं घरच जातं: कुकरची शिटी, कौलांवरचा पाऊस, आईची हाक. परवा संध्याकाळी पाचच्या सुमारास भाची लांब सूर धरून होती आणि रस्त्यावरून पोदेर आला, सायकलचा भोंपू वाजवत. सर थबकले.

"तुझ्याशिवाय अजून कोण वाजवतंय?"

"पाववाला."

त्यांनी तो भोंपू पुन्हा ऐकायचा हट्ट धरला. भाची हॉर्न तसाच मांडीवर ठेवून ओरडली, "मामा, त्याला थांबव!" मी धावलो. पोदेराने फाटकाशी उभं राहून रबरी फुगा चार वेळा दाबला. त्यात ओठ नाहीत, धातूची एक जीभ थरथरते, म्हणून सूर एकच. पलीकडे सरांनी स्वतःचा हॉर्न उचलला आणि दुसऱ्या प्रयत्नात तो सूर नेमका पकडला. पहिल्या प्रयत्नात त्यांचाही फुटला होता.