शेजारच्या झोनिंग व्हेरिअन्सला हरकत कशी घ्यायची (न्यू जर्सीवाल्यांसाठी)

सर्टिफाइड मेलचं पाकीट आलं की पहिल्यांदा पोटात गोळाच येतो, कोर्टाचं काही असेल म्हणून. पण ती असते नोटीस: शेजाऱ्याने व्हेरिअन्स, म्हणजे झोनिंगच्या (कुठे काय आणि कसं बांधायचं याच्या) नियमातून सूट मागितलीय आणि त्यावर टाउनच्या बोर्डापुढे सुनावणी आहे. आमच्याकडे ते चार दिवस फ्रिजवर पडून होतं आणि ते चार दिवस नंतर भारी पडले, कारण नोटीस सुनावणीच्या किमान १० दिवस आधी द्यायची एवढंच कायद्यात आहे, म्हणजे हातात असतो वेळ तो तेवढाच.

नोटीस जाते ती २०० फुटांच्या आतल्या मालकांना. भाडेकरूंना नाही, आणि कॉन्डोत बऱ्याचदा ती असोसिएशनकडेच जाऊन पडते. पण नोटीस नाही आली म्हणजे बोलता येत नाही असं काही नाही हां, आपल्या जागेच्या वापरावर परिणाम होत असेल तर कोणीही हरकत घेऊ शकतं. त्यासाठी वकील सक्तीचा नाही, फक्त घर एलएलसीच्या (कंपनीच्या) नावावर असेल किंवा असोसिएशनच्या वतीने बोलायचं असेल तर लागतो.

पाकीट आलं की आधी म्युनिसिपल बिल्डिंगमधे जाऊन फाइल मागा. प्लॅन आणि कागद सुनावणीच्या १० दिवस आधीपासून लोकांना बघायला ठेवावेच लागतात. पहिल्या शीटवर बहुधा एक टेबल असतं, किती हवं आणि किती ठेवणार. आमच्या केसमधे साइडचं अंतर, म्हणजे बांधकाम ते बाजूची हद्द, १० फूट हवं होतं आणि ठेवणार होते ४, बाकी ड्रॉइंग कळलं नाही तरी चालेल, हे टेबल वाचा आणि फोटो काढून आणा.

मग बघायचं व्हेरिअन्स 'सी' आहे का 'डी'. अंतर, लॉट कव्हरेज (प्लॉटचा किती भाग झाकला जातो) असलं असेल तर सी, तिथे हजर मेंबरांचं साधं बहुमत पुरतं. राहत्या भागात दुकान किंवा ऑफिस, म्हणजे वापरच बदलत असेल तर डी, आणि त्याला ७ जणांच्या बोर्डात ५ होकार लागतात. समजा ५च मेंबर आले आणि एक नाही म्हणाला, की अर्ज पडला. म्हणून अर्जदाराचा वकील कधी कधी स्वतःच तारीख पुढे मागतो, आणि ती तारीख मीटिंगमधे जाहीर झाली की नवीन नोटीस येत नाही, तेव्हा शेवटपर्यंत बसा.

आता कागद. आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवून ४० सह्या गोळा केल्या होत्या, मोठ्या ऐटीत घेऊन गेलो आणि बोर्डाच्या वकिलाने त्या सरळ बाजूला ठेवल्या. सही करणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही ना, म्हणून. ४० सह्यांपेक्षा शपथेवर बोलणारी ४ माणसं बरी. फोटो प्रिंट करूनच न्या, पुरावा म्हणून नंबर घालून ते ठेवून घेतात, फोनमधला दाखवलात तर तो कसा ठेवणार? पावसानंतर बेसमेंटमधे आलेलं पाणी, रात्री अडलेला ड्राइव्हवे, असले तारखेसकट फोटो कामाचे. "घराची किंमत पडेल" हे आपण म्हणून उपयोग नाही, त्याला अप्रेझर (घरांची किंमत ठरवणारा तज्ज्ञ) लागतो. आणि "तिथे कसली माणसं येतील" हे तर तोंडातूनही काढू नका, ते ऐकायलाही बरं वाटत नाही आणि त्याने केसही बनत नाही.

सुनावणीत दोन वेळा संधी मिळते आणि तिथेच सगळे गडबडतात. त्यांच्या इंजिनिअर, प्लॅनरची साक्ष झाली की फक्त प्रश्न विचारायचे, मत नाही. मत नंतर, शपथ घेऊन. बोर्ड मेंबर ओळखीचा असला तरी बाहेर गाठून बोलायचं नाही, गणपतीच्या आरतीला भेटला तरी नाही.

निकाल विरोधात गेला तर त्याची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवसांत सुपीरियर कोर्टात जाता येतं. कोर्ट साधारण बोर्डासमोरचंच रेकॉर्ड बघतं, म्हणजे पाण्याचे फोटो त्या रात्री दिले नसतील तर मग ते घरीच राहिले.