पाकळी कोठे, पुंकेसर कोठे: फुलातील जनुकांचा कारभार

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत ज्या घराला थोडेसे परस आहे, तेथे गणपतीला वाहण्यासाठी जास्वंद हमखास लावलेली असते. पाच पाकळ्यांची साधी जास्वंद सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या शेजारी गच्च भरलेली डबल जास्वंदही अनेकदा दिसते. या डबल फुलाच्या आतली एखादी पाकळी अलगद काढून उजेडात धरली, तर तिच्या कडेला पुष्कळदा पिवळे परागकोश चिकटलेले आढळतात. ती पाकळी म्हणजे पुंकेसर होता होता वाट बदललेला अवयव आहे, आणि फुलाचा आकार कसा ठरतो याचा इतका उघड पुरावा क्वचितच हाती लागतो.

एन्रिको कोएन आणि एलियट मायरोविट्झ या जनुकशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये या प्रश्नाचे उत्तर मांडले. कळीत बाहेरून आत चार मंडले, म्हणजे अवयवांची वर्तुळे, असतात व ए, बी आणि सी या तीन गटांतील जनुके त्यांचे भवितव्य ठरवतात. केवळ ए कार्यरत असेल तेथे निदल (कळीला बाहेरून झाकणारे हिरवे दल), ए आणि बी मिळून पाकळी, बी आणि सी मिळून पुंकेसर, तर एकट्या सीमुळे स्त्रीकेसर घडतो. ए आणि सी एकमेकांना आपल्या हद्दीत शिरू देत नाहीत. त्यामुळे सी गट दुबळा पडला की ए आतपर्यंत पसरतो आणि पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात. शिवाय फुलाची वाढ वेळेवर थांबवण्याचे कामही सी गटाचेच असल्याने पाकळ्यांवर पाकळ्या येत राहतात. बागेतला भरगच्च गुलाबही सी गटाचे क्षेत्र आक्रसल्यामुळेच तसा झाला आहे.

रंगाची गोष्ट मला याहून विलक्षण वाटते. सायंकाळी उमलणाऱ्या गुलबक्षीच्या एकाच झाडावर पिवळी, लाल ठिपक्यांची आणि अर्धी पिवळी, अर्धी लाल अशी फुले येतात. गुलबक्षीचे रंग बीटमधल्या रंगद्रव्यांच्याच वर्गातले आहेत. अशा झाडात लाल रंगद्रव्यासाठी लागणाऱ्या जनुकात डीएनएचा एक फिरता तुकडा घुसून बसलेला असतो, त्यामुळे ते जनुक बंद पडते व पिवळा रंग तेवढा उरतो. पाकळी वाढत असताना एखाद्या पेशीतून हा तुकडा निसटला, की ती पेशी आणि तिच्यापासून झालेल्या सर्व पेशी लाल होतात. तो लवकर निसटला तर रुंद पट्टा उमटतो, उशिरा निसटला तर केवळ ठिपका. असे फिरते तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरील ठिपक्यांवरून ओळखले होते. त्यासाठी त्यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बीज ज्यापासून तयार होते त्या पेशींतूनच तुकडा निसटला, तर बदल पुढच्या पिढीत जातो. म्हणूनच ठिपक्यांच्या गुलबक्षीचे काळे बी पेरल्यावर एखादे रोप संपूर्ण लाल फुलांचे निघाले, तर बी दुसऱ्या झाडाचेच असेल असे समजण्याचे कारण नाही.