संघातली मैत्री आणि संघातला विश्वास

एखादा संघ जिंकू लागला की ‘ड्रेसिंग रूममधले वातावरण फार छान आहे’ असे म्हटले जाते आणि त्यातच विश्वासाचाही हिशेब उरकला जातो. वास्तविक मैत्री म्हणजे सहकाऱ्याचा सहवास आवडणे, तर विश्वास म्हणजे तो आपले काम नेमक्या क्षणी करील हे गृहीत धरून स्वतः जोखीम पत्करणे. व्यावसायिक खेळात या दोन गोष्टी एकमेकींवाचूनही खुशाल नांदतात.

1995 मध्ये आपण इंग्लंडच्या फुटबॉल संघाकडून पदार्पण करताना सहकारी टेडी शेरिंगहॅमने आपली दखलही घेतली नाही, असे अँडी कोलने पुढे स्वतःच लिहिले. 1997 पासून दोघे मँचेस्टर युनायटेडच्या आक्रमणात होते, पण अबोला सुटला नाही. तरीही 1998-99 च्या हंगामात संघाने प्रीमियर लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. (ड्वाइट यॉर्कशी मात्र कोलचे चांगले मेतकूट होते आणि त्या जोडीने गोलांचा धडाका लावला, तेव्हा मैत्री निरुपयोगी ठरवण्याचे कारण नाही.)

विश्वास नेमका कुठे लागतो, हे कबड्डीत डोळ्यांना दिसते. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो, तेव्हा कोपरारक्षक त्याच्या घोट्यावर झेप घेतो. ती पकड एकट्याच्या बळावर क्वचितच टिकते. शेजारचा मध्यरक्षक त्याच क्षणी धावून आला नाही, तर चढाईपटू कोपरारक्षकाला ओढत मध्यरेषा गाठतो आणि कोपरारक्षक बाद होतो. म्हणूनच मदत येईल याची खात्री नसलेला कोपरारक्षक झेप घेतच नाही आणि बोनस गुण जाऊ देतो. गुणपत्रिकेत ही कुणाची चूक म्हणून नोंदली जात नाही, संघ मात्र एकेका गुणाने मागे पडतो. ही खात्री एकत्र जेवण्याने येत नाही, तीच पकड सरावात पुन्हा पुन्हा घोटल्याने येते.

विश्वास कोणावर, हाही प्रश्न आहेच. कर्ट डर्क्स यांनी अमेरिकेतील विद्यापीठांच्या 30 बास्केटबॉल संघांवर केलेला अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. हे खेळाडू व्यावसायिक नव्हते, तरी निष्कर्ष विचारात घेण्याजोगा आहे: प्रशिक्षकावरील विश्वासाचा विजयांशी स्पष्ट संबंध दिसला, सहकाऱ्यांवरील विश्वासाचा तेवढा स्वतंत्र परिणाम आढळला नाही. शिवाय आधीच्या विजयांनीच प्रशिक्षकावरचा विश्वास वाढतो, असेही त्यात दिसले. त्यामुळे हरणाऱ्या संघाला सहलीला नेऊन खेळाडूंची गट्टी जमवता येईल, पण अटीतटीच्या सामन्यात प्रमुख खेळाडूला बाहेर बसवण्याचा प्रशिक्षकाचा निर्णय तेवढ्याने त्यांच्या गळी उतरेल असे नाही.