ठराव सर्वानुमते मंजूर

परभणी जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या ठराव वहीत लिहिलंय: ‘डाळ मिल घेण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर.’ खाली अकरा जणींची नावं, आठ सह्या आणि तीन अंगठे. मिल आली, तुरीच्या सुगीत चार दिवस चालली आणि पत्र्याच्या खोलीत धूळ खात पडली. गावात थ्री-फेज लाईन रात्रीचीच, अन् रात्री मिलवर जाणार कोण? हे अकराही जणींना ठाऊक होतं. पण बैठकीत अध्यक्षताईच आधी बोलल्या, ‘‘मला तर मिलच बरी वाटती.’’ बाकीच्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही म्हणताल तसं, ताई.’’ खरी चर्चा झाली ती घरी जाताना, वाटेत.

मानसशास्त्रात याला ‘ग्रुपथिंक’ म्हणतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले अर्विंग जॅनिस यांनी १९७२मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. १९६१मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हुशार सल्लागारांनी क्युबावरच्या स्वारीला मान डोलावली, मनातल्या शंका मनातच ठेवल्या. स्वारी तीन दिवसांत फसली. म्हणजे हा अडाणीपणाचा प्रश्न नाही.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचा १९५१चा प्रयोग तर फारच साधा. समोरच्या तीन रेषांपैकी नमुन्याएवढी कोणती, एवढंच सांगायचं. खोलीतले बाकीचे सगळे आधीच फितवलेले. ते ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. एकट्याने क्वचितच चुकणारा माणूस मग अशा सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्या मागे जायचा. आणि त्या फितवलेल्यांतला एक जण जरी खरं बोलला, तरी हे चुकणं झपाट्याने कमी व्हायचं. मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो हा एक जण.

तो बैठकीत आणायचा कसा? प्रमुखाने शेवटी बोलावं. १९६२मध्ये क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून पेच पडला, तेव्हा बाकीच्यांनी मोकळं बोलावं म्हणून केनेडी काही बैठकांना मुद्दाम गेलेच नाहीत. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची युक्ती आणखी सोपी: काम फसलं असं धरूनच चालायचं. ‘‘समजा वरीस झालं, मिल बंद पडली. कशानं पडली असंल?’’ असं विचारलं की शंका काढणारी बाई अपशकुनी ठरत नाही.

या गटाने पुढच्या वेळी शेवयांच्या मशीनसाठी गुप्त मत घेतलं. चिठ्ठ्या म्हटलं तर तिघींना लिहिता येत नाही. मग पदराआडून तांब्यात दाणा टाकायचा, ‘हो’ला तूर, ‘नाही’ला हरभरा. तांब्या ताटात पालथा केला तर चार तुरी, सात हरभरे. अध्यक्षताईंनी दाणे पुन्हा मोजले. सचिवबाई पेन धरून बसलेल्या: आता वहीत लिहायचं काय?