विंचू वयात आला, हे कळायचं कसं?

पाथर्डी फाट्याजवळ एका ओळखीच्यांच्या घराचा पाया खोदताना दोन इंगळ्या, म्हणजे मोठे काळे विंचू, निघाल्या. मजुरांनी त्या घमेल्याखाली झाकून ठेवल्या म्हणून वाचल्या. माझा मित्र नाशिकच्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, तो जाऊन घेऊन आला. एक चांगली थोराड, दुसरी तिच्या पाऊणपट. मोठीला आम्ही ‘आजी’ म्हणू लागलो, धाकट्याला ‘पोर’. दोन वेगळ्या टाक्या, चार-पाच बोटं माती, आठवड्याला एखादं झुरळ किंवा रातकिडा. पोर कधी मोठं होतं याची आम्ही वर्षभर वाट पाहिली.

ते झालंच नाही, कारण ते आधीच वयात आलेलं होतं.

विंचवाचं अंग कडक कवचात बंद असतं. दोन कातींच्या मधल्या काळात ते कवच वाढत नाही, ताणतं ते फक्त पोटाच्या बाजूचं मऊ कातडं. पहिली कात पिल्लू आईच्या पाठीवरच टाकतं. (बिऱ्हाड पाठीवर असतं ते एवढ्यापुरतंच. पिल्लं आईला खाऊन बाहेर पडतात ही गोष्ट मात्र खोटी. भुकेली आईच कधी पिल्लू मटकावते.) पुढे जातीप्रमाणे, खाण्याप्रमाणे आणि उबेप्रमाणे एकूण साधारण ५ ते ७ काती होतात. शेवटच्या कातीतून बाहेर येतो तो प्रौढ विंचू. त्यानंतर वाढ नाही आणि कातही नाही.

पंचाईत अशी, की ही कात शेवटची होती हे त्या दिवशी कळत नाही. पुढची येतच नाही, तेव्हा कळतं.

म्हणून आकारावर जाऊ नये. बऱ्याच जातींत नर मादीपेक्षा एखादी कात आधीच वयात येतो आणि जन्मभर लहान राहतो. आमचं पोर त्यातलंच. मित्राने एका संध्याकाळी त्याला पारदर्शक डब्यात घेतलं, वरून स्पंजने हलकेच दाबून धरलं आणि डबा उचलून खालून भिंग लावलं. पायांच्या शेवटच्या जोडीमागे विंचवाला दोन कंगवे असतात. जमिनीवरून फिरवत तो त्यांनी वास-चव घेतो, मादीचा मागही काढतो. पोराचे कंगवे लांब होते, दातेही भरदार. कंगव्यांच्या पुढे जननछिद्रावर दोन पाकळ्यांचं झाकण असतं, तेही नराचंच दिसलं. कंगव्याचे दाते मोजून बऱ्याच जातींत नर-मादी लहानपणीही सांगता येतात, कारण दात्यांची संख्या जन्मापासून बदलत नाही. वय मात्र दाते मोजून कळत नाही. त्यासाठी दात्यांची लांबी, चिमट्यांची ठेवण, शेपटीची उंची अशा खुणा बघाव्या लागतात आणि त्या प्रत्येक जातीत वेगळ्या. बाहेरून ओळखायला नर सोपा, मादी अवघड.

याचा प्रत्यय आजीने दिला. जानेवारीत तिने खाणं सोडलं. रंग मळकट, पोट फुगलेलं. मी छातीठोकपणे सांगितलं, गाभण आहे. भरल्या पोटाने, गाभणपणाने आणि कात जवळ आली म्हणून, अशा तिन्ही कारणांनी विंचू फुगतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. फेब्रुवारीत एका पहाटे डोक्यावरचं कवच पुढच्या कडेने डब्याच्या झाकणासारखं उचकटलं आणि त्यातून पांढुरकी, ओल्या मेणासारखी आजी हळूहळू पुढे सरकत बाहेर आली. मित्राने नोटा तपासायचा जांभळा दिवा लावला. टाकलेली कात हिरवट-निळी झगमगली आणि शेजारची जिवंत आजी साफ काळोखात! विंचवाची ती चमक कवच कडक होत जातं तशी येते. म्हणजे आमची आजी अजून वयातच आली नव्हती.

कात हे विंचवाचं सर्वांत खरं कागदपत्र. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून ती भिजवली की मऊ पडते, मग कंगवे आणि ते झाकण निवांत उलगडून बघता येतं. नांगीची भीती नाही. मोजायचं ते डोक्यावरचं कवच, कारण पोट ताणतं आणि फसवतं. एका कातीत लांबी ढोबळमानाने सव्वापट होते: ८ मिलिमीटरचं कवच १० होतं, १० चं साडेबारा. जातीच्या प्रौढ मादीचं माप माहीत असेल, तर किती काती उरल्या याचा हिशेब लागतो.

हे उद्योग लाल विंचवावर कुणी करू नयेत. इंगळी दिसायला राक्षसी, पण विषाने त्या मानाने सौम्य. लाल विंचू बोटाएवढा आणि जिवावर बेतणारा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपाय दाखवेपर्यंत त्याच्या दंशाने कोकणात फार माणसं गेली.

कवच पुरतं कडक व्हायला आम्ही वेळ दिला. जूनमध्ये पहिला पाऊस पडला तसा नर रात्रभर टाकीत येरझाऱ्या घालू लागला. तीही वयाची एक खूण. मित्राने त्याला आजीच्या टाकीत सोडला आणि तिथे शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला, कारण नर आपला शुक्राणूंचा कोष कडक, सपाट जागेवर चिकटवतो आणि मादीला त्याच्यावर ओढून आणतो. त्या रात्री त्याने अंग थरथरवलं, तिचे चिमटे आपल्या चिमट्यांत धरले आणि दोघं पुढे-मागे फिरत राहिली. तासाभराने ती सुटली. आम्ही त्याला लगेच उचलला, कारण त्यानंतर तिला भूक लागू शकते.

इंगळीची गरोदरपणाची मुदत वर्षभराच्या घरात जाते. मित्र आता दर महिन्याला तिला डब्यासकट सराफी काट्यावर तोलतो. तिची कात एका काडेपेटीत आहे. वर तारीख, कवचाचं माप, आणि पुढे लिहिलंय: ‘सहावी?’